बरकत आणि हिशेबाची वही

आमच्याकडे एक समजूत फार जुनी आहे. मोजले की बरकत जाते. पिठाचा डबा किती भरला ते बघू नये, भाकरी मोजून करू नये, पैसे पुन्हा पुन्हा मोजू नयेत. मोहल्ल्यातल्या जुन्या बाया अजूनही म्हणतात, "गिनने से बरकत उड़ जाती." या समजुतीत एक सुंदर गोष्टही आहे. दारी आलेल्या माणसाला भाकरी देताना आपल्याकडे किती उरल्या हे बघू नये, असा तिचा मूळ अर्थ असावा. पण काळाच्या ओघात तिचा अर्थ बदलला. खर्च लिहायचा नाही, उधारी लिहायची नाही, कुणाला किती दिले ते विचारायचे नाही, असा तो झाला. आणि त्याची किंमत घरातल्या बायांनी मोजली.

खरे तर कुरआनमधली सर्वांत लांब आयत नमाजविषयी नाही, रोजाविषयी नाही. ती सूरह बकराची २८२वी आयत आहे आणि ती उधार-उसनवारीचा व्यवहार लिहून ठेवायला, साक्षीदार ठेवायला सांगते. रक्कम लहान असो की मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नका, असा तिचा आशय आहे. ज्या समाजाच्या ग्रंथात हिशेबाला एवढी जागा आहे, त्या समाजातल्या बहुतेक घरांत हिशेबाची वही नसते, याचे मला नेहमी नवल वाटते.

मी नंदुरबार जिल्ह्यातल्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत गणित शिकवते. माझे माहेरही याच जिल्ह्यातले. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा होऊन हा जिल्हा झाला, तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. नंदुरबार म्हटले की लोकांना मिरची आठवते. बाजार समितीत ओल्या लाल मिरचीचे ढीग लागतात, व्यापारी ती विकत घेतात आणि गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर वाळत घालतात. दुरून पाहिले तर जमिनीवर लाल सतरंजी अंथरल्यासारखी दिसते. जवळ गेले की डोळ्यांतून पाणी येते. अब्बा टेम्पो चालवायचे. बाजारातून पथारीवर, पथारीवरून गोदामात. अम्मी शेजारच्या बायांबरोबर देठ खुडायला जायची. घरी आल्यावर तासभर ती हात ताकात बुडवून बसायची आणि आम्हाला जवळ घ्यायची नाही. हाताची आग लेकरांच्या डोळ्याला लागेल म्हणून.

मिरचीचे काम वर्षभर नसते. दसऱ्याच्या मागेपुढे सुरू होते आणि होळीपर्यंत आटोपते. मध्येच अवकाळी पाऊस आला की पथारीवरचा माल भिजतो आणि मजुरीही भिजते. म्हणजे पाच-साडेपाच महिन्यांची कमाई आणि बारा महिन्यांचे घर. काटकसर म्हणजे काय, हे ज्याला महिन्याच्या एक तारखेला पगार मिळतो त्याला नीट कळणार नाही. त्याची काटकसर तीस दिवसांची असते. आमची पावसाळ्याला घाबरून केलेली असायची.

म्हणून अम्मी हंगामात पैसा पैशाच्या रूपात ठेवायचीच नाही. तो वस्तूत बदलायचा. मार्चमध्ये गहू नि दादर यायची. दादर म्हणजे आमच्या तापीकाठची रब्बी ज्वारी. ती उन्हात वाळवून, कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून कोठीत जायची. तुरीच्या डाळीला एरंडेल तेलाचा हात. मिरची अर्थातच वर्षाची. देठ मोडलेली, फुटलेली मिरची पथारीवर स्वस्त मिळायची आणि कुटल्यावर कुणाला फरक कळत नाही. उन्हाळ्यात ज्वारीचे बिबडे, शेवया. लसणाच्या माळा आढ्याला. जूनमध्ये टेम्पो उभा राहिला तरी चूल उभी राहत नसे. आज किराणा दुकानात आठवड्याला पाव-पाव किलोने घेणारी घरे मी बघते तेव्हा वाटते, गरीब माणूस सगळ्यांत महाग खरेदी करतो. ज्याच्याकडे एकदम दोन हजार असतात त्याला डाळ स्वस्त पडते. ज्याच्याकडे पन्नास असतात त्याला तीच महाग पडते. अम्मीची सारी धडपड ही त्या एकदम लागणाऱ्या दोन हजारांसाठी होती.

ते येत कुठून? भिशीतून.

भिशीवर मराठीत विनोदच जास्त झाले आहेत. साड्या, खमंग पदार्थ आणि गप्पा. आमच्या मोहल्ल्यातल्या भिशीत पदार्थ नव्हते. वीस बाया, महिन्याला पाचशे रुपये. जमले दहा हजार. वीस चिठ्ठ्या डब्यात टाकायच्या, सगळ्यांत लहान पोराने एक उचलायची, जिचे नाव निघेल तिचे पैसे. पुढच्या महिन्यात उरलेल्या एकोणीस चिठ्ठ्या. वीस महिन्यांत सगळ्यांचे फिरून झाले. भिशी चालवणारी खाला पहिला नंबर घ्यायची आणि त्या बदल्यात सगळ्यांची जबाबदारीही. कुणी हप्ता चुकवला तर ती स्वतःचा भरायची. मोठ्या बाजारात लिलावाची भिशी असते, ज्याला गरज जास्त तो कमी रकमेवर बोली लावून उचलतो आणि फरक बाकीचे वाटून घेतात. आमच्या बाया त्या वाटेला गेल्या नाहीत. त्या फरकात सूद आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

गणिताची शिक्षिका म्हणून मी आता तो व्यवहार मांडून बघते. जिची चिठ्ठी पहिल्या महिन्यात निघते तिला बिनव्याजी कर्ज मिळते. जिची शेवटी निघते ती बिनव्याजी बचत करते, आणि दरम्यान महागाई वाढलेली असल्याने थोडे गमावतेही. म्हणजे शेवटची बाई पहिलीला मदत करते. पुढच्या भिशीत कदाचित जागा बदलतात. याला आपल्याकडे कर्ज-ए-हसना म्हणतात. मोठमोठ्या तकरिरींत हा शब्द येतो. मोहल्ल्यात तो वीस चिठ्ठ्यांच्या डब्यात होता.

अब्बांचा मात्र भिशीवर विश्वास नव्हता. बायांचा खेळ, म्हणायचे. त्यांनी चाळीस हजार रुपये एका पतसंस्थेत ठेवले होते. बाजीच्या लग्नासाठी. पावती होती, शिक्का होता, पिग्मीवाला रोज दारात यायचा. मग एक दिवस पिग्मीवाला यायचा थांबला. पतसंस्थेच्या दाराला कुलूप आणि बाहेर माणसे. त्या वर्षांत खानदेशात अशी कुलपे बऱ्याच दारांना लागली. अब्बा कित्येक महिने पावती खिशात घेऊन फिरले. बँकेतल्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचे संरक्षण असते. तेव्हा ते एक लाखापर्यंत होते, फेब्रुवारी २०२०पासून पाच लाखांपर्यंत आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला हे संरक्षण नाही. ही साधी गोष्ट आम्हाला कुणी सांगितली नव्हती. पाटीवर 'सहकारी' लिहिलेले होते आणि आम्हाला वाटले सगळे सारखेच.

लग्न दोन महिन्यांवर होते. त्या रात्री खाला घरी आली. भिशीत त्या महिन्याची चिठ्ठी दुसऱ्या एका बाईची निघाली होती. ती बाईही बरोबर होती. तिने आपला नंबर अम्मीला दिला. पुढचे दोन नंबरही बायांनी आपसात बोलून अम्मीकडे सरकवले, कारण अम्मीची या भिशीत स्वतःची, बाजीची आणि माझी अशी तीन नावे होती. तीस हजार जमले. लग्न झाले, साधेच झाले. माझे नाव मात्र त्यात खर्ची पडले आणि माझे बीएड एक वर्ष लांबले. पुढच्या भिशीत अम्मीने पुन्हा माझे नाव घातले. तेव्हा बीएड एक वर्षाचे होते. २०१५पासून ते दोन वर्षांचे झाले. फी, वह्या, एसटीचा पास, पाठांचे तक्ते, सगळे त्या वीस बायांच्या पाचशे-पाचशेतून झाले. माझ्या पदवीवर विद्यापीठाच्या कुलगुरूंची सही आहे. त्या बायांपैकी बहुतेकींना सही करता येत नव्हती.

हे लिहिताना भिशीचे फार गुणगान करावे असे मला वाटत नाही. तिला कायद्याचा आधार नसतो. पैसे उचलून कुणी गाव सोडले तर तक्रार कुठे करणार? २०२०च्या टाळेबंदीत आमच्याच मोहल्ल्यातली एक भिशी सातव्या महिन्यात थांबली. उचललेल्यांकडे देण्यासारखे नव्हते, न उचललेल्यांकडे खाण्यासारखे नव्हते. ती पुढे वर्षभर रखडत कशीबशी पुरी झाली, पण दोन घरांचे बोलणे आजही बंद आहे. भिशी चालते ती माणसे एकमेकांना ओळखतात तोवर. अनोळखी माणसाने जास्तीचे आमिष दाखवून काढलेली भिशी ही भिशी नसतेच.

तरी बाया तिकडे का जातात, हाही प्रश्न विचारला पाहिजे. २००६च्या सच्चर समितीच्या अहवालात नोंद आहे की काही बँकांनी मुस्लिम वस्तीचे भाग कर्जासाठी 'नकारात्मक' ठरवून ठेवले होते. ज्या दारातून आत घेत नाहीत, त्या दारासमोर माणूस किती वेळ उभा राहील? त्यात व्याजाचा प्रश्न. पुष्कळ घरे व्याज नको म्हणून खातेच उघडत नसत. याला वाटा आहेत. केंद्र सरकारी नोकरांच्या जुन्या भविष्य निर्वाह निधीच्या नियमांत, खातेदाराने व्याज नको असे कळवल्यास ते जमा करू नये, अशी तरतूद आहे. अनेक जण खात्यावर आलेले व्याज काढून, सवाबची नियत न ठेवता, गरजूला देऊन टाकतात. मलेशियात तर हजला जाणाऱ्यांनी सुदाशिवाय बचत करावी म्हणून १९६३मध्ये 'तबुंग हाजी' ही संस्थाच सुरू झाली. तिथले शेतकरी आणि मच्छीमार थोडे थोडे टाकून हजला जाऊ लागले. आपल्याकडे हजसाठी शेत विकल्याच्या गोष्टी मात्र मी लहानपणापासून ऐकत आले.

घरात लपवलेला पैसा तर आणखी असुरक्षित. ८ नोव्हेंबर २०१६च्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्या आणि दुसऱ्या दिवशी मोहल्ल्यातल्या डाळीच्या डब्यांतून, उशांच्या अभऱ्यांतून, कुरआनच्या जुजदानातून नोटा बाहेर आल्या. अम्मीकडे साडेतेवीस हजार निघाले. अब्बा बघत राहिले. "इतने पैसे? मेरे से छुपा के?" अम्मी म्हणाली, "छुपा के नहीं, बचा के." जनधन योजना २०१४मध्ये आली तेव्हा खाते उघडून घ्या म्हणून मी अम्मीच्या मागे लागले होते; तेव्हा तिने ऐकले नव्हते. नोटाबंदीच्या आठवड्यात ती माझ्याबरोबर रांगेत उभी राहिली. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी पासबुकावर तिचे नाव छापले गेले. त्याआधी तिचे नाव फक्त निकाहनाम्यावर, रेशनकार्डावर आणि भिशीच्या चिठ्ठीवर होते.

नववीच्या गणित भाग एकमध्ये 'अर्थनियोजन' नावाचे प्रकरण आहे. उत्पन्न, खर्च, बचत, गुंतवणूक, आयकर. बालभारतीने ते उर्दूतही दिले आहे. हे प्रकरण शिकवताना मी मुलींना एका आठवड्याचा घरखर्च लिहून आणायला सांगते. पहिल्या वर्षी चाळीसपैकी अकरा जणींनी आणला. बाकीच्या म्हणाल्या, "टीचर, अम्मी को मालूम नहीं, अब्बा बताते नहीं." एकीने उत्पन्नाच्या रकान्यात लिहिले होते : अब्बा, रिक्षा, रोज तीनशे. अम्मी, काही नाही. मी तिला विचारले, अम्मी दिवसभर काय करते? ती सांगू लागली. हंगामात मिरचीचे देठ खुडते. उन्हाळ्यात पापड लाटून देते. ईदच्या आधी फॉल-पिको करते. आम्ही फळ्यावर बेरीज केली. वर्षाचे अठ्ठावीस हजारांच्या वर गेले. वर्ग एकदम शांत झाला. मग बाकीच्याही आपापल्या वहीत काहीतरी खोडू लागल्या.

आठवीला चक्रवाढ व्याज असते. उर्दूत त्याला 'सूद-ए-मुरक्कब' म्हणतात. दरवर्षी एखादी मुलगी विचारते, "टीचर, सूद तो हराम है, फिर सीखना क्यों?" प्रश्न रास्त आहे. मी त्यांना सांगते, आपल्या मोहल्ल्यात सूद घेणारे घर शोधावे लागेल. सूद भरणारी घरे मोजा. मग फळ्यावर हे उदाहरण घेते. समजा, गटाच्या कर्जातून तीस हजार मिळाले आणि पन्नास आठवडे दर आठवड्याला ६७० रुपये भरायचे आहेत. एकूण भरले ३३,५००. म्हणजे वर ३,५००. मुली लगेच सांगतात, साडेअकराच्या थोडे वर टक्के. मग मी विचारते, तीस हजार वर्षभर तुमच्याकडे होते का? पहिल्या आठवड्यापासूनच मुद्दल परत जाऊ लागले. वर्षभरात सरासरी जेमतेम सव्वापंधरा-साडेपंधरा हजार तुमच्या हातात होते. त्यावर ३,५०० म्हणजे वर्षाला तेवीस-चोवीस टक्के. हातावरची रक्कम तीच, हप्ता तोच, पण दर दुप्पट. मुली घरी जाऊन हे सांगतात. दुसऱ्या दिवशी एखादी आई कार्ड घेऊन शाळेत येते. "टीचर, जरा ये देखो."

कार्ड वाचता आले पाहिजे. रिझर्व्ह बँकेच्या २०२२च्या निर्देशांनुसार अशा कर्जासोबत व्याजदर आणि सर्व आकार दाखवणारे तपशीलपत्रक द्यावे लागते. घराच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त असू नयेत, कर्ज मुदतीआधी फेडल्यास दंड घेऊ नये, सकाळी नवाच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर वसुलीसाठी तगादा लावू नये, असेही त्यात आहे. मोहल्ल्यात तीन-तीन गटांचे हप्ते भरणाऱ्या बाया आहेत. एकाचा भरण्यासाठी दुसऱ्याचे काढतात. त्यातली बहुतेक कर्जे शिलाई मशीनच्या नावाने निघतात आणि मंगनी, हळद, वलीमा यांत जातात. निकाह सोपा करा, असे दर जुम्याला सांगितले जाते. पण मंडपवाल्याची उधारी शनिवारी सुरू होते.

मी शिक्षणसेवक म्हणून लागले तेव्हा माध्यमिकचे मानधन महिन्याला आठ हजार होते, तीन वर्षे. २०२३पासून ते अठरा हजार झाले, त्याचा मला नव्या मुलींसाठी आनंद आहे. आठ हजारांत मी घरभाडे, प्रवास आणि अम्मीची औषधे भागवली ती एका वहीच्या आधाराने. आज पूर्ण पगार आहे, तरी वही सुटली नाही. शौहरही आपला खर्च तीतच लिहितात. वादही होतात. पण वाद आकड्यांवर होतात, एकमेकांच्या माहेरावर होत नाहीत.

रमजानच्या पहिल्या आठवड्यात आम्ही वर्षाचा ताळा करतो. जकात काढायची तर आपल्याकडे काय आहे ते माहीत हवे. निसाब म्हणजे साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी. थोडे सोने आणि थोडी रोकड एकत्र धरली तर चांदीच्या हिशेबाने अनेक मध्यम घरे निसाबात येतात आणि त्यांना ते माहीतही नसते. दागिने, शिल्लक, भिशीत भरलेली पण न उचललेली रक्कम, कुणाकडून येणे, सगळे लिहायचे. देणे वजा करायचे. उरलेल्याचे अडीच टक्के. वर्षातून एकदा प्रत्येक घराला स्वतःचा ताळेबंद मांडायला लावणारी ही केवढी मोठी रीत आहे! आपण ती अंदाजे रक्कम काढून उरकतो. मोजले की बरकत जाते म्हणणारे लोक मोजल्याशिवाय जकात कशी देणार, हे मला कुणी सांगावे.

अडचण सांगून येत नाही. फुफी नवापूरला राहते. फेब्रुवारी २००६मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू तिथल्या पोल्ट्र्यांत निघाला, लाखो कोंबड्या मारल्या गेल्या आणि फुफाजींचे काम एका दिवसात संपले. २०२१मध्ये पुन्हा तेच झाले. पहिल्या वेळी फुफीने कानातले गहाण टाकले आणि ते परत आले नाहीत. दुसऱ्या वेळी तिच्याकडे तीन महिन्यांच्या खर्चाएवढी रक्कम बाजूला होती. ती तिने पंधरा वर्षांत, दर आठवड्याला पन्नास-शंभर टाकून उभी केली होती, आणि पोस्टाच्या बचत खात्यात ठेवली होती. घरात ठेवली असती तर कुणाच्या तरी लग्नात गेली असती, असे तीच सांगते.

२०२४च्या ऑगस्टपासून लाडकी बहीण योजनेचे दीड हजार रुपये बायांच्या खात्यावर येऊ लागले तेव्हा मोहल्ल्यात एक नवी भिशी निघाली. ती चालवणारी माझी जुनी विद्यार्थिनी आहे, त्या अकरा जणींपैकी एक. तिने भिशीला वही केली आहे. प्रत्येक हप्त्यापुढे सही किंवा अंगठा, दोन साक्षीदार, आणि आजारपणासाठी दर महिन्याला प्रत्येकी वीस रुपये वेगळे. तिच्या सासूने तिला विचारले, अपनों में लिखापढ़ी कायकू? ती म्हणाली, अपने हैं इसलिए. परवा तिने वही मला तपासायला आणली. एका ठिकाणी दहा रुपयांचा फरक होता. तो सापडेपर्यंत आम्ही दोघी बसलो. फरक जूनच्या बेरजेत निघाला.